‘छू’ म्हणण्याआधी...

संध्याकाळी मेस उघडायच्या आधी कॅम्पसवर एक हमखास सीन असतो. क्वार्टर्समधला एखादा कुत्रा मोकळा सुटतो, गुलमोहराखाली खार दिसते आणि हॉस्टेलच्या कट्ट्यावरून आवाज येतो, "छू! छू!" कुत्रा सुसाट, कट्टा खूष!

मित्रांनो, यावर कोणी म्हणेल, हा तर निसर्गाचा नियम. कसला नियम? लांडग्याची शिकार हुकली तर तो उपाशी राहतो. क्वार्टर्समधला टायगर घरी जाऊन चिकन-भात खातो.

आणि पोटभर खाल्लेला कुत्रा शिकार करत नाही, हाही गैरसमजच. भूक आणि पाठलाग ही कुत्र्याच्या डोक्यातली दोन वेगळी सर्किट्स. शोधणं, टक लावणं, दबा धरणं, धावणं, पकडणं ही साखळी लांडग्याकडून आलेली. माणसाने तिच्या कड्या आपल्या सोयीने कमी-जास्त केल्या. लॅब्राडोरला पाडलेला पक्षी आणून द्यायला तयार केलं, डॅशहुंडला बिळात घुसायला, आपल्याकडच्या कारवानीला सशामागे धावायला. मग तो धावला की चपलेने मारायचं, हा कुठला न्याय? मार खाऊन तो एवढंच शिकतो की परत आलं की मार मिळतो!

खार निदान झाडावर चढते. टिटवीचं काय? ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, बहुधा चार. धोका दिसला की तिची पिल्लं जमिनीला चिकटून गप्प बसतात. ही युक्ती घारीपुढे चालेल, नाकाने शोधणाऱ्या कुत्र्यापुढे नाही. मुंगूस तर उलटून चावतं, म्हणजे रेबीजची भीती आली. शिवाय ससा आणि मुंगूस दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

मग कुत्रे बांधूनच ठेवायचे? मुळीच नाही. पाच-दहा मीटरची दोरी घ्या, पण ती गळ्यात नको, छातीच्या पट्ट्याला बांधा, म्हणजे झटका मानेला बसत नाही. हाकेला येणं आधी घरात शिकवा, मग अंगणात, मग ग्राउंडवर, आणि आला की दरवेळी खाऊ द्या. तो टक लावतो तेव्हाच हाक मारा. एकदा पळत सुटला की त्याला काही ऐकू येत नाही. धावायची हौस बॉलवर भागवा.

तरीही ही ओढ पूर्ण जात नाही, फक्त ताब्यात राहते. म्हणून स्टाफला विनंती, मार्च ते ऑगस्ट हे टिटवीच्या विणीचे दिवस, तेवढे तरी ग्राउंडच्या कडेला दोरी हातातून सोडू नका. आणि हॉस्टेलवाल्यांनो, दोरी धरायला माणूस कमी पडला तर आपण आहोतच की! संध्याकाळी अर्धा तास कोणाकडे नसतो?