तिजोरीची किल्ली कोणाकडे?

सोने कसे जपावे हे जबलपूरच्या सराफ्याला कोणी शिकवावे लागत नाही. कमानिया गेटच्या परिसरातल्या या पेढ्यांत पोलादी तिजोऱ्या आहेत, दुहेरी कुलुपे आहेत आणि दिवसभराचा माल मोजून आत गेल्याखेरीज दुकान बंद होत नाही. पण अशाच पेढ्यांतला संगणक पाहावा, तर चित्र पालटते. ग्राहकाचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, पॅन, लेकीच्या लग्नासाठी नेलेल्या हाराचे वजन, गहाण पडलेल्या पाटल्या, हे सारे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. त्याची प्रत मात्र अनेकदा एखाद्या पेन ड्राइव्हवर, कोणत्याही कुलपाविना, गल्ल्यात पडून राहते. चोराच्या हाती दागिना लागला तर एका घराचे नुकसान होते. ही प्रत लागली तर कोणत्या घरात किती सोने आहे, याचा नकाशाच त्याच्या हाती येतो.

हा तपशील सराफांनी हौसेने गोळा केलेला नाही. दोन लाख रुपयांपुढच्या खरेदीला पॅन लागतो. दहा लाख किंवा त्याहून अधिक रोखीच्या व्यवहारात ग्राहकाची ओळख पडताळण्याचे बंधन डिसेंबर २०२० मध्ये आले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षेचे वाजवी उपाय म्हणून माहिती कूटबद्ध करणे आणि तिच्या प्रती राखणे यांचा त्यांत उल्लेख आहे. या मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे, आणि कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. थोडक्यात, माहिती गोळा करण्याची सक्ती सरकारची आणि ती जपण्याची जबाबदारी दुकानदाराची. ही विभागणी मला तत्त्वतः मान्य आहे. पण जपायचे कशाने, यावरचे सरकारी मौन मान्य नाही.

कुलूप फुकट आहे

ज्या साधनांनी हे काम होते, त्यांना परवाना शुल्क नाही. ‘जीएनयूपीजी’ची १.० आवृत्ती १९९९ मध्ये आली. ‘क्रिप्टसेटअप’ लिनक्सवर संपूर्ण डिस्क, किंवा डिस्कची प्रतिकृती असलेली एकच फाइल, कुलूपबंद करते. ‘रेस्टिक’ आणि ‘बोर्ग’ रोजच्या बदलांची प्रत घेतात आणि ती कूटबद्ध करून साठवू शकतात. यांना बटणे नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची. ती ओळ एकदा नीट लिहून ठेवली की संगणक रोज रात्री आपणहून तेच काम करतो. पथ्य एकच: परवलीचा शब्द त्या ओळीत लिहायचा नाही, कारण टंकलेल्या आज्ञांची नोंद संगणकात मागे राहते. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरणाऱ्या मुनीमजींना हे झेपणार नाही, असे मी मानत नाही. अडचण इतकीच की या साधनांच्या माहितीपुस्तिका प्रामुख्याने इंग्रजीत आहेत.

गुप्तता या बाजाराला नवी नाही. उत्तरेतले व्यापारी ज्या महाजनी लिपीत वह्या लिहीत, तिच्यात मात्रा गाळल्या जात. ‘काकाजी अजमेर गए’ हे ‘काकाजी आज मर गए’ असे वाचून घरात रडारड झाल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. ती गुप्तता परक्याच्या अज्ञानावर उभी होती. आधुनिक कूटशास्त्राचे तत्त्व ऑगस्ट केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्ये मांडले, ते याच्या उलट आहे: पद्धत सर्वांना ठाऊक असली तरी चालेल, फक्त किल्ली गुप्त राहिली पाहिजे.

म्हणूनच खरा प्रश्न किल्लीचा आहे. परवलीचा शब्द हरवला तर ही प्रत कोणीही उघडू शकत नाही. अर्ज करायला कार्यालय नाही. ‘क्रिप्टसेटअप’मध्ये एकाच कुलपाला अनेक किल्ल्या लावता येतात: एक मालकाकडे, दुसरी मोहोरबंद लिफाफ्यात, बँकेच्या लॉकरमध्ये. भागीदारीच्या पेढ्यांना ही रीत नवी नाही. आणि प्रत संगणकापासून अलग असावी लागते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि रुग्णालयाची माहिती कूटबद्ध करून टाकली. म्हणजे तीच विद्या उलटी वापरली गेली. रुग्णालयाची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे.

संशयाचे धोरण

कूटबद्धतेकडे आपली राज्यसंस्था मात्र संशयानेच पाहत आली आहे. सप्टेंबर २०१५ मधल्या राष्ट्रीय धोरणाच्या मसुद्यात नागरिकांनी मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा, अशी अपेक्षा होती. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच मसुदा मागे घ्यावा लागला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार, कूट उलगडण्यास साहाय्य न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. प्राप्तिकर कायदा, २०२५ झडतीच्या वेळी संगणकाचा प्रवेशसंकेत ओलांडण्याचा अधिकार देतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे: सराफांच्या हाती असे कुलूप दिले तर काळ्या हिशेबाला आडोसा मिळेल. आक्षेप पोकळ नाही. पण त्याचे उत्तर कायद्यातच आहे. अधिकारी कायदेशीर आदेश घेऊन दारात येतो आणि मालकाकडे किल्ली मागतो. चोर आणि खंडणीखोर मागत नाहीत. कुलूप कच्चे ठेवले तर लाभ होतो तो न मागणाऱ्यांचा. शिवाय ज्याला लपवायचेच आहे तो ही फुकट साधने आजही वापरू शकतो. उघड्यावर पडतो तो प्रामाणिक ग्राहकाचा तपशील.

मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, विदा संरक्षणाची मुदत संपण्यापूर्वी केंद्राने हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांत छोट्या व्यावसायिकांसाठी चार पानी मार्गदर्शिका काढावी: कोणती साधने, कोणती आज्ञा, किल्ली कोठे, आणि महिन्यातून एकदा प्रत खरोखर उघडते का याची तपासणी. दुसरी, गळती झालेली प्रत भक्कमपणे कूटबद्ध असेल आणि किल्ली सुरक्षित असेल, तर दुकानदाराला तसा दिलासा मिळावा. युरोपीय संघाच्या नियमांत अशा वेळी प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवण्याच्या बंधनातून सूट आहे. आपल्या नियमांत अशी स्पष्ट सूट नाही. तिसरी, किल्ली मागण्याची प्रक्रिया लेखी, कारणासहित आणि न्यायालयीन देखरेखीखाली असावी.

कुलूप लावा असे सांगणाऱ्या आणि कुलूप दिसताच भुवया उंचावणाऱ्या सरकारवर कोणताही बाजार विश्वास ठेवणार नाही. दंडाची तरतूद झाली आहे. विश्वासाची व्हायची आहे.