लाल टिकली आणि काळी चिकटपट्टी

छायाचित्रणाच्या हौशी मंडळींमध्ये एक विनोद वर्षानुवर्षे फिरतो आहे. लायका कॅमेरा घेणारा ग्राहक आधी लाल टिकलीसाठी भरपूर पैसे मोजतो आणि घरी आल्यावर तीच टिकली काळ्या चिकटपट्टीने झाकतो. विनोद असला तरी प्रकार खरा आहे. या जर्मन कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावरील लाल वर्तुळ जगभर प्रतिष्ठेची खूण मानले जाते, आणि त्यावर काळी पट्टी लावणारेही जगभर आढळतात.

या पट्टीमागे मुळात व्यावहारिक कारण होते. दम्याचा त्रास असलेल्या ऑस्कर बार्नाक यांना अवजड कॅमेरे वाहून नेणे झेपत नसे. त्यांनी चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा लहानसा कॅमेरा घडवला. वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीने तो १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत बाजारात आणला. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२च्या सुमारास तो हाती घेतला आणि त्याचे चकाकणारे धातूचे भाग काळ्या पट्टीने झाकले. कॅमेऱ्याकडे कुणाचे लक्ष जाऊ नये, माणसे सहज वागत राहावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचे अखेरचे दिवस आणि त्यानंतरची अंत्ययात्रा त्यांनीच टिपली. ती छायाचित्रे पाहताना कॅमेरा कोणत्या कंपनीचा होता, हा प्रश्न कुणालाही पडत नाही.

पुढे गुरूची पट्टी शिष्यांनी उचलली. हेतू मात्र वाटेतच गळाला. आज जाणकाराला लाल टिकली दिसण्याची गरजच उरलेली नाही. नेमक्या त्या जागी काळी पट्टी दिसली, की तो ओळखतो. झाकण्याचे साधनच मिरवण्याचे साधन झाले. कंपनीनेही हे हेरले. २०११ मध्ये तिने एम-९ पी हे प्रारूप आणले. त्याच्या दर्शनी भागावर लाल टिकली नव्हती, पडद्याला अधिक टणक काच होती, आणि किंमत मूळ एम-९ पेक्षा जास्त होती. नाव लावण्याचे पैसे घेणारे व्यापारी पुष्कळ आहेत. नाव काढण्याचेही घेणारा विरळाच!

उलट उदाहरणही आहे. पॅनासॉनिकचा एलएक्स-३ आणि लायकाचा डी-लक्स ४ हे २००८ मधील कॅमेरे आतून बव्हंशी एकच होते. बाह्यरूपात आणि सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडा फरक होता. किमतीत मात्र चांगलाच. हिशेबाच्या भाषेत, ग्राहक तेथे वस्तूबरोबर पेढीचा नावलौकिकही विकत घेत होता. त्यात गैर काही नाही. आपण कशाचे किती पैसे देत आहोत, हे त्याला ठाऊक असले म्हणजे झाले.

चिकटपट्टीचा खरा मान दुसऱ्याच कॅमेऱ्याकडे जातो. १९८२ मध्ये हाँगकाँगमध्ये होल्गा नावाचा प्लॅस्टिकचा स्वस्त कॅमेरा निघाला. त्याच्या फटींतून प्रकाश आत शिरे, मागचे झाकण अवचित निखळे. म्हणून त्याचे मालकही काळी पट्टी चिकटवत. पण नाव झाकायला नव्हे, प्रकाश अडवायला. अशाच एका होल्गाने अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड बर्नेट यांनी अल गोर यांच्या निवडणूक प्रचारात टिपलेले छायाचित्र पुढे पारितोषिकाचे मानकरी ठरले.

पट्टी निवडण्यातही हौशी मंडळी चोखंदळ असतात. साध्या इलेक्ट्रिक टेपचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो आणि महागड्या कॅमेऱ्यावर चिकट डाग ठेवून जातो. नाटक-चित्रपटांच्या मंचावर वापरली जाणारी कापडी गॅफर पट्टी हाताने फाटते, चकाकत नाही आणि काढताना सहसा डाग ठेवत नाही. ज्या वस्तूवर कुणाचेच नाव दिसत नाही, तीच येथे सर्वाधिक विश्वासाची ठरते.

व्यापारी कुटुंबांना या विनोदात स्वतःच्या पेढीची कसोटी सापडेल. दुकानाच्या पाटीवर एक दिवस काळी पट्टी लावली आणि गल्ल्यावर अनोळखी माणूस बसवला, तर नेहमीचा ग्राहक मालाच्या प्रतीवरून आणि वजनमापावरून दुकान ओळखेल काय? ओळखत असेल, तर पाटीवरच्या नावाची किंमत योग्यच लागली आहे. ओळखत नसेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी तराजू तपासलेला बरा.