वरातीमागून घोडे

ओमायक्रॉन या कोरोनाच्या नव्या अवताराची वार्ता दक्षिण आफ्रिकेतून आली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. त्यावरची, पुण्याच्या जेनोव्हाने तयार केलेली लस आपल्या देशात मंजूर झाली जून २०२३ मध्ये. मधले एकोणीस महिने विषाणू स्वस्थ बसला नव्हता. एक्सबीबी नावाची त्याची संतती तोवर जगभर पसरली होती, आणि यापुढील लशी तिच्यावर बेताव्यात असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्येच दिला होता. वरातीमागून घोडे, दुसरे काय?

दोष शास्त्रज्ञांचा नव्हे. विषाणू आपल्या प्रती काढताना चुका करतो. एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते आणि तोच वाण फोफावतो. ओमायक्रॉनच्या काटेरी प्रथिनात असे तिसांहून अधिक बदल होते. वुहानच्या मूळ विषाणूवर बेतलेल्या लशीने शिकवून ठेवलेले शरीरातील पहारेकरी त्याला चटकन ओळखीनात. तरीही जुन्या लशींनी गंभीर आजार व मृत्यू यांस पुष्कळच आवर घातला, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. शिवाय एम-आरएनए पद्धतीत सारी लस नव्याने घडवावी लागत नाही. संदेशातील अक्षरे तेवढी बदलावयाची. पुण्याची लस तर दोन ते आठ अंशांत टिकते, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यातील साध्या शीतपेटीतही. मग घोडे पेंड खाते कोठे?

मंजुरीच्या दप्तरात, आणि त्याहून अधिक सरकारी मौनात. फ्ल्यूच्या लशीत कोणते वाण घ्यावयाचे हे वर्षातून दोनदा ठरते आणि कारखाने त्या पंचांगाने चालतात. अमेरिकेने २०२२, २०२३ व २०२४ अशी लागोपाठ तीन वर्षे कोरोनाची लस पालटली.

२०२१ साली कोगनोळीच्या नाक्यावर कोल्हापुराहून येणाऱ्या आपल्या माणसांस तपासणीचा दाखला दाखविल्यावाचून पुढे सोडीत नव्हते. डेल्टा मात्र दाखल्यावाचूनच आला! नाक्यावर पोलीस उभे करण्यात दिसलेली ती तत्परता लशीच्या बाबतीत का दिसू नये? आमच्या गावोगावच्या कित्येक वृद्धांनी व मधुमेह्यांनी शेवटची लस टोचून घेतली ती २०२२ साली. कोणत्या अवतारावरची लस उपलब्ध आहे, ती कोणी घ्यावयाची आणि कोठे मिळेल, एवढ्या तीन ओळी प्रत्येक तालुका रुग्णालयाच्या फलकावर मराठीत व कन्नडमध्ये लागल्या पाहिजेत. ही मागणी आम्ही आज आरोग्य खात्यापुढे ठेवीत आहोत.