बाटलीतला ‘निसर्ग’ आणि उसनवारीचा सुवास

डिसेंबर महिना लागला, की महानगरांतील मॉलमधल्या प्रसाधनांच्या दालनांत एक ठरावीक सुवास दरवळू लागतो. फर, स्प्रूस, पाइन या सूचिपर्णी वृक्षांचा, म्हणजेच पाश्चात्त्य देशांतील नाताळच्या झाडाचा तो सुवास. मेणबत्त्या, साबण, खोलीत फवारायची अत्तरे यांच्या जोडीला आता तळहातावर मावणारी हॅन्ड सॅनिटायझरची बाटलीही आली आहे. बाटलीवर बर्फात उभे असलेले हिरवेगार झाड आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत ‘नॅचरल’ हा मंत्र. सुशिक्षित मध्यमवर्गीय आई ती बाटली मोठ्या विश्वासाने मुलाच्या दप्तराला अडकवते. आपण मुलाला रसायनांपासून वाचवले, असे समाधान तिला लाभते. हे समाधान कितपत खरे आहे, हे तपासण्याची वेळ आली आहे.

मुळात सॅनिटायझरमध्ये जंतू मारण्याचे काम कोण करते? जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांसाठी सुचवलेल्या पाठात ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड, त्वचा कोरडी पडू नये म्हणून दीड टक्क्याहून किंचित कमी ग्लिसरॉल आणि उरलेले पाणी, एवढेच घटक आहेत. सुवासाला त्यात स्थान नाही. किंबहुना, सुगंधी द्रव्यांमुळे त्वचेला त्रास होऊ शकतो म्हणून ती घालू नयेत, असाच त्या संघटनेचा सल्ला आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये अशा द्रव्यांचा आढावा घेतला, तेव्हा २८ घटक बाद ठरवले आणि पुढील अभ्यासासाठी केवळ तीन शिल्लक ठेवले: इथेनॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बेंझाल्कोनियम क्लोराइड. त्या तिघांत ना पाइनचे तेल आहे, ना फरचे. म्हणजे बाटलीवर ज्याचे चित्र आहे ते झाड जंतुनाशनाचे काही काम करीत नाही, आणि जे काम करते त्याचे चित्र बाटलीवर नसते.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी?

इथेनॉल नैसर्गिक नाही, असे कोण म्हणेल? आपल्याकडे ते प्रामुख्याने उसाच्या मळीपासून आणि धान्यापासून तयार होते. २०२० मध्ये कोरोनाच्या संकटात सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तू म्हणून जाहीर करावे लागले, २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. त्या दिवसांत महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्या सॅनिटायझर बनवण्याच्या कामाला लागल्या. शेतकऱ्याच्या फडातला ऊस देशाच्या मदतीला धावून आला. पण त्या बाटल्यांवर उसाचे चित्र छापून ‘नॅचरल’ म्हणून मिरवण्याची बुद्धी कोणाला झाली नाही. ते योग्यच झाले. कारण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू मिळत नाही म्हणून सॅनिटायझर पिणाऱ्यांचा मृत्यू ओढवला होता. गोड, प्रसन्न वासाची तीच वस्तू आपण तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती खेळण्यासारखी देतो, याचा विचार व्हायला हवा.

सुवासाचीही कथा अशीच. पाइन-फरचा गंध पाइनीन, लिमोनीन, बोर्निल ॲसिटेट अशा द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये झाडातून काढता येतात, तशीच कारखान्यातही बनवता येतात. बाटलीवर मात्र बहुधा ‘फ्रॅग्रन्स’ असा एकच शब्द असतो आणि त्याच्या आड काय काय दडले आहे ते ग्राहकाला कळत नाही. आणि तेल खरोखर झाडाचे असले तरी काय? लिमोनीनसारखी द्रव्ये हवेच्या संपर्काने बदलतात आणि काहींच्या त्वचेवर पुरळ, खाज आणतात. म्हणूनच युरोपीय संघाने २००३ मध्ये २६ सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर स्वतंत्रपणे छापणे बंधनकारक केले आणि २०२३ मध्ये ती यादी ८० च्याही पुढे नेली. जो युरोप आपल्या नागरिकांना इतका सावध करतो, त्याच्या सणाचा वास आपण मात्र डोळे मिटून हुंगावा?

हा सुवास कोणाचा?

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. आक्षेप ख्रिस्ती बांधवांच्या सणाला नाही. गोव्यातल्या किंवा वसईतल्या घरात नाताळ साजरा होतो, तो काही फरच्या वासाने नव्हे. तेथे कागदी आकाशकंदील लागतात, गोठा सजतो, नारळ आणि गूळ यांचा दोदोल शिजतो, नेवऱ्या तळल्या जातात. त्या सणाने या मातीचा गंध स्वीकारला आहे. घरात सूचिपर्णी झाड उभारण्याची प्रथा मूळची जर्मन प्रदेशातली. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र अल्बर्ट यांच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापून आले आणि इंग्लंडच्या मध्यमवर्गाने ती उचलून धरली. बर्फाळ देशात हिवाळ्यात सारी सृष्टी निष्पर्ण होते, तेव्हा हिरवे राहणाऱ्या झाडाचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. ज्या कोकणात बारमाही हिरवळ असते, तेथे त्या अप्रूपाचे प्रयोजन काय? हा सुवास आपल्याकडे धर्माने आणलेला नाही, तो बाजाराने आणला आहे. बाजाराला कुठल्याच सणाशी कर्तव्य नसते. त्याला फक्त हंगाम हवा असतो.

आणि सूचिपर्णी अरण्याचा गंध आपल्याला परका तरी कुठे आहे? कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पहिल्याच सर्गात हत्तींनी अंग घासलेल्या सरल वृक्षांच्या चिकाने हिमालयाची शिखरे सुगंधित झाल्याचे वर्णन केले आहे. ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात शंकराने देवदारास पुत्र मानल्याची कथा येते, रानहत्तीने त्याची साल ओरबाडली, तेव्हा पार्वतीला स्वतःच्या पुत्राला जखम झाल्यासारखे दुःख झाले. देवदार आणि सरल यांना आयुर्वेदात औषधी म्हणून स्थान आहे. पाश्चात्त्य मनाला जे झाड सणापुरते तोडून घरात आणावेसे वाटले, ते भारतीय मनाने पुत्र मानले. दोन दृष्टींमधील हा भेद आपल्या मुलांना कोणत्या बाटलीवर वाचायला मिळणार?

स्वदेशीच्या नावानेही फसवणूक नको

नव्वदच्या दशकात आपण एक लढाई लढलो. हळदीच्या जखम भरून काढणाऱ्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक बनवण्याचे युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तो निर्णय टिकला. या विजयाचा अभिमान रास्तच आहे. परंतु ती लढाई पुराव्याच्या बळावर जिंकली गेली, हे विसरता कामा नये. जुने ग्रंथ, संशोधनाचे लेख, कागदपत्रे समोर ठेवली, म्हणून परकीय पेटंट कार्यालयांना मान तुकवावी लागली.

मग तोच पुराव्याचा निकष आपल्या माणसांना नको? तुळशीचे पान आणि कडुनिंबाची डहाळी छापून ‘अल्कोहोलमुक्त, शंभर टक्के नैसर्गिक’ असे सॅनिटायझर विकणारा स्वदेशी उत्पादक हा फरच्या झाडाचे चित्र छापणाऱ्या परदेशी उत्पादकाचा सख्खा भाऊच समजला पाहिजे. तुळस आपल्या वृंदावनात पूज्य आहे, म्हणून तिच्या अर्काचे दोन थेंब ६० टक्के अल्कोहोलची जागा घेऊ शकत नाहीत. श्रद्धेचे भांडवल करून माल खपवणे हा श्रद्धेचाच अवमान आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये पर्यावरणविषयक भ्रामक दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, ‘नैसर्गिक’सारखे मोघम शब्द पुरेशा स्पष्टीकरणावाचून वापरू नयेत, असे बजावले. या तत्त्वांचा बडगा देशी-विदेशी असा भेद न करता उगारला गेला पाहिजे.

खरा प्रश्न नळाचा

या साऱ्या सुगंधी चर्चेत मूळ प्रश्न मात्र विसरला जातो. २०१८ मधील राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत असे आढळले, की जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय देशातील केवळ ३५.८ टक्के कुटुंबांत होती. ग्रामीण भागात तर जेमतेम २५ टक्के. हात मातीने किंवा तेलाने माखलेले असतील, तर सॅनिटायझर नीट काम करीत नाही आणि उलट्या-जुलाबांच्या काही जंतूंपुढे त्याची मात्रा चालत नाही. तेथे साबण, वाहते पाणी आणि वीस सेकंदांचा वेळ हाच उपाय. बाहेरून आल्यावर हात-पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, हा आजीचा दंडक सुगंधी बाटलीपेक्षा अधिक शास्त्रीय होता. गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला, तो विकत घ्यायला कोणाला मॉलमध्ये जावे लागत नव्हते.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. प्रवासात सॅनिटायझर लागतेच. ते घेताना चित्र न पाहता अल्कोहोलचे प्रमाण वाचावे, ते ६० टक्क्यांहून कमी असल्यास बाटली परत ठेवावी. बिनवासाचे मिळाले तर उत्तम. अरण्याचा सुवास हवाच असेल, तर देवदाराचा धूप घरात लावावा किंवा सुट्टीत मुलांना हिमालयाच्या देवदारवनात न्यावे. तळहातावर तो चोळण्याची गरज नाही. आणि बाटलीवर वाचलेले पैसे एकत्र करून आपल्या वस्तीजवळच्या एखाद्या शाळेत हात धुण्याचा नळ आणि साबण आहे का, याची प्रत्येक शाखेने, प्रत्येक महिला मंडळाने चौकशी करावी. नसेल तर तो बसवून द्यावा. त्या नळाला कसलाही सुवास येणार नाही. पण त्याच्या पाण्याने धुतलेले हात निरोगी राहतील.