‘एज्युकेट’ला कर्म लागते!

नगर जिल्ह्यातल्या एका विहारात आम्ही काही कार्यकर्ते रविवारी संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवतो. वर्गात येणारी बहुतेक मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतली. काहींचे आईबाप दिवाळीनंतर पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जातात आणि मुले आजीजवळ राहतात. एका मुलाला आम्ही फळ्यावर ‘मला दोन बहिणी आहेत’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला सांगितले. त्याने लिहिले, ‘टू मी टू सिस्टर्स आर.’ वर्ग हसला. मुलगा खडू ठेवून खाली बसला आणि म्हणाला, “सर, इंग्रजी आपल्याला नाय येत.”

‘आपल्याला’ हा शब्द आम्हाला झोंबला. तो ‘मला’ म्हणाला नाही. नववीतल्या पोराने एका वाक्यात आपल्या सगळ्या वस्तीचा निकाल लावून टाकला.

वास्तविक त्या मुलाची चूक अडाणीपणाची नव्हतीच. त्याने मराठीचा नियम इमानदारीने पाळला होता. मराठीत ‘मला दोन बहिणी आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’ आणि ‘मला ताप आहे’ अशी वाक्ये होतात. तिन्हींत ‘आहे’ हे क्रियापद बहिणी, सायकल आणि ताप यांच्यामागे चालते आणि माणूस ‘मला’, ‘माझ्याकडे’ म्हणत कडेला उभा राहतो. इंग्रजीत माणूस पहिल्या जागेवर येतो आणि ‘हॅव’ हे एकच क्रियापद तिन्ही कामे करते. ‘आय हॅव टू सिस्टर्स’, ‘आय हॅव अ सायकल’, ‘आय हॅव अ फीवर’. मराठीत कोण काय करतो हे प्रत्यय सांगतात, म्हणून शब्द मागेपुढे केले तरी चालते. इंग्रजीत ते जागा सांगते. आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. जागा बदलली की अर्थ बदलला. एवढे सांगितल्यावर त्याच मुलाने ‘हॅव’ची दहा वाक्ये न चुकता लिहिली.

आमच्या मुलांच्या बहुतेक चुका अशाच जातीच्या असतात. ‘तो मला म्हणाला’ म्हणून ‘ही सेड मी’ लिहितात. ‘टेल’ला माणूस थेट चालतो, ‘से’ला मध्ये ‘टू’ लागतो. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ म्हणून ‘आय वॉन्ट दॅट यू कम’ लिहितात. ‘वॉन्ट’चा साचा वेगळा, ‘आय वॉन्ट यू टू कम’. ‘विषयावर चर्चा’मधला ‘वर’ उचलून ‘डिस्कस अबाउट’ करतात, पण ‘डिस्कस’ला मध्ये काहीच लागत नाही. नामांचेही तेच. ‘माहिती’चे अनेकवचन आपण करत नाही, म्हणून ‘इन्फर्मेशन’ला मुले सहसा चुकत नाहीत. पण आपण ‘सल्ले’ म्हणतो, म्हणून मुले ‘ॲडव्हायसेस’ लिहितात. इंग्रजीत सल्ला मोजायचा तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावे लागते.

प्रत्येक क्रियापदाचा असा साचा ठरलेला असतो आणि रोजच्या वापरातले साचे थोडेच आहेत. ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात क्रियापदांचे पंचवीस साचे मांडले. पंचवीस! एवढे साचे शिकायला कोणाच्या सात पिढ्या शिकलेल्या असाव्या लागत नाहीत. पण आमच्या मुलांना काळ, प्रयोग, व्याख्या यांचे पाठांतर मिळते आणि साचा कोणी दाखवत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तरीही दहावी झालेला पोरगा मुलाखतीला गेला की पहिल्याच वाक्याला अडखळतो. मग महिन्याभरात फाडफाड इंग्रजीचे आमिष दाखवणारा क्लास आईची मजुरी खातो. दोष मुलाच्या डोक्यात आहे की शिकवण्यात?

इंग्रजी आपली नव्हे, असे सांगणाऱ्यांनी याच नगरचा इतिहास वाचावा. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांची नगरमधली मुलींची शाळा जोतिरावांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतले आणि १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीला माऊली म्हटले. सुभेदार रामजींनी लहानग्या भीमरावाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. वाक्यास वाक्य, शब्दास नेमका शब्द. जगाने मान्य केलेले बाबासाहेबांचे इंग्रजी घरातल्या या सरावावर उभे होते. त्यासाठी त्यांनी मराठी सोडली नाही. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ त्यांनी मराठीतच काढले.

आता साच्यांची ही गोष्ट नुसत्या परीक्षेची राहत नाही. इंग्रजीतला कर्मणी प्रयोग पाहा. ‘अ यूथ वॉज किल्ड.’ मारणारा ‘बाय’च्या मागे शेवटी जातो आणि तो गाळला तरी वाक्य पुरे होते. मराठीतही ‘अत्याचार झाला’ म्हटले की करणारा गायब! २८ एप्रिल २०१४ रोजी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्डा येथे एका दलित तरुणाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. वाक्य राहिले, कर्ता गेला. म्हणून आम्ही मुलांना सांगतो की, बातमी असो वा फिर्याद, मराठी असो वा इंग्रजी, आधी कर्ता शोधा. ज्याला वाक्यातला कर्ता शोधता येतो, त्याला कागदावर फसवणे सोपे नसते.

शेवटी, आपण भिंतीभिंतीवर रंगवलेल्या त्या तीन शब्दांकडे येऊ. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीतून दिलेला संदेश आपण ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असा घेतला. पण मूळ क्रियापद आहे ‘एज्युकेट’. त्याचा साचा तपासा. ‘शिका’मध्ये शिकणारा स्वतःच असतो. तो शिकला, नोकरीला लागला, की वाक्य पूर्ण झाले. ‘एज्युकेट’ म्हणजे शिकवणे. त्याला कर्म म्हणून दुसरा माणूस लागतो. कोणाला शिकवले? ‘शिकवा, चेतवा, संघटित करा’ असे त्याचे जुने मराठी रूपही चळवळीत आहेच. आपण सोयीचे तेवढे उचलले काय?

आमच्यातला जो वर्ग शिकून साहेब झाला, नगर-पुण्यात फ्लॅट घेऊन राहिला, त्याने ‘शिका’ पुरे केले. ‘एज्युकेट’चे कर्म मात्र अजून वस्तीतच बसून आहे. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल व्यक्त केलेली व्यथा दरवर्षी भाषणात सांगायची आणि टाळ्या घ्यायच्या, याने काय होणार? जयंतीच्या मिरवणुकीवर खर्च होतो, तो होऊ द्या. पण त्याच वर्गणीतून प्रत्येक विहारात एक फळा आणि खडूचा डबा येऊ द्या. निवृत्त शिक्षकांनी, बँकेतल्या बांधवांनी, महाविद्यालयातल्या मुलींनी आठवड्याचे दोन तास द्यावेत. रोज एक क्रियापद, त्याचा साचा आणि मुलांच्या जगण्यातली दहा वाक्ये. वर्षभरात काय फरक पडतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

तो मुलगा आता वर्गात पहिल्या रांगेत बसतो. गेल्या रविवारी त्याने धाकट्या बहिणीला सोबत आणले होते आणि मागे बसून तो तिला ‘हॅव’ समजावून सांगत होता.

त्याला ‘एज्युकेट’चा अर्थ समजला आहे. आपल्याला कधी समजणार?

जयभीम!