शेतकऱ्याचा ‘र’ आणि शासनाचा संगणक

निफाड तालुक्यातील विंचूर येथे लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे. तेथे कांदा घेऊन येणाऱ्यास मराठीत ‘शेतकरी’ म्हणतात. परंतु शेतकऱ्याने, शेतकऱ्याला, शेतकऱ्यांचे, असे त्या शब्दास प्रत्यय लागू लागताच एका अर्ध्या ‘र’ची गरज पडते. हा ‘र’ रफारासारखा डोक्यावर चढत नाही. पुढील अक्षरास बिलगून राहतो. ‘आचार्यांना’ बोलावले तर विद्वान येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी. संगणकावर मात्र हे अक्षर अनेकांना सापडत नाही आणि ‘शेतकर्यांना’ असे विद्रूप रूप अर्जांतून व पत्रकांतून फिरू लागते.

वस्तुतः सोय आहे. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ऱ’ उमटतो. त्याचा पाय मोडून ‘य’ जोडला की ‘ऱ्य’ सिद्ध होतो. युनिकोडची शिफारस याच रीतीची आहे. साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देण्याची दुसरी रीतही जुन्या मजकुरासाठी मान्य आहे. दोन्ही रूपे डोळ्यांना एकच दिसतात, यंत्राला मात्र ती भिन्न वाटतात. ‘वऱ्हाडे’ हे आडनाव एका नोंदीत एका रीतीने व दुसरीत दुसऱ्या रीतीने लिहिले गेले, तर तशी तजवीज नसलेला संगणक त्यांना दोन माणसे समजेल. कारकून नाव वाचून समजून घेतो. यंत्र घेत नाही.

हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा नव्हे, मालकीचाही आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या टंकांना आपापले संकेत दिले. एका टंकातील मजकूर दुसऱ्यात निरर्थक चिन्हांचा ढीग होई. समाजाची लिपी अशी खाजगी कुंपणांत विभागली गेली. समान संकेताने ते कुंपण मोडले. पण सामाईक मालमत्ता वापरण्याचे शिक्षण सर्वांस मिळाले नाही, तर तिचा लाभ जाणकारांपुरताच उरतो.

म्हणून शासनाने संगणकप्रणाली विकत घेतानाच अट घालावी: ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ अचूक उमटले पाहिजेत आणि दोन्ही रीतींनी लिहिलेले नाव एकच मानले गेले पाहिजे. टंकलेखनाच्या वर्गांत ही अक्षरे प्रथम शिकवावीत. ज्याच्या नावे योजना आखल्या जातात, त्याचे नाव नीट लिहिण्याची जबाबदारी योजना आखणाऱ्यांचीच आहे.