एका रेषेवर निवाडा नको

आर्प २२० ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. दृश्य प्रकाशात ती बेताचीच दिसते. १९८३ साली ‘आयरास’ उपग्रहाने अवरक्त किरणांत आकाश धुंडाळले, तेव्हा तिचे तेज सूर्याच्या एक लाख कोटी पटींहून जास्त भरले. दोन दीर्घिकांची टक्कर होऊन ती बनली आहे. आतला प्रकाश धूळ शोषते, तापते आणि तीच ऊर्जा अवरक्तात बाहेर टाकते. पण ही ऊर्जा भराभर जन्मणाऱ्या ताऱ्यांची, की वायू गिळणाऱ्या कृष्णविवराची? धुळीला त्याचे सोयरसुतक नाही. थर पुरेसा जाड असला की दोन्ही प्रश्नांना तिचे उत्तर जवळपास एकच.

म्हणून रेणूंना विचारायचे. त्यांच्या मिलिमीटर लहरी धुळीतून बऱ्याच अंशी पार होतात. थंड हायड्रोजनचा रेणू सममित असल्यामुळे जवळजवळ गप्पच असतो, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटरच्या वर्णपट-रेषेवरून त्याचे वस्तुमान काढतात. मेख इथेच आहे. आपल्या आकाशगंगेतल्या ढगांवरून बसवलेला गुणक आर्प २२० सारख्या दीर्घिकांना लावला, तर एकट्या वायूचेच वस्तुमान, फिरण्याच्या वेगावरून निघणाऱ्या एकूण वस्तुमानाच्या बरोबरीला किंवा त्याच्याही वर जाऊ लागते. डेनिस डाउन्स आणि फिलिप सॉलोमन यांनी १९९८ मध्ये याचा उलगडा केला. इथला वायू सुट्या ढगांत नसून केंद्राभोवतीच्या चकतीत सलग पसरलेला आहे. गुणक सुमारे पाचपट कमी धरायला हवा.

हायड्रोजन सायनाइडची रेषा दाट वायूतून येते. २००४ मध्ये यू गाव आणि सॉलोमन यांनी दाखवले की तिची आणि अवरक्त तेजाची वाढ एकमेकींच्या प्रमाणात होते. ताऱ्यांच्या बाजूने हा भक्कम पुरावा होता. पण गाभ्यातल्या उष्ण धुळीचे १४ मायक्रॉनचे किरण शोषूनही हाच रेणू उत्तेजित होतो, आणि मग त्याची चमक निव्वळ घनतेची राहत नाही. तरीही ‘सायनाइड जास्त म्हणजे कृष्णविवर’ असा झटपट निवाडा दिला जातो. तो मान्य करता येत नाही. एकाच रेणूच्या अनेक ऊर्जा-पायऱ्यांवरच्या रेषा आणि जोडीला दुसरे रेणू तपासल्याशिवाय तापमान, घनता आणि किरणांचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, सुमारे ५,००० मीटर उंचीवर ‘अल्मा’चे ६६ अँटेना हेच काम करतात. त्यांची निरीक्षणे साधारण वर्षभराने सर्वांना मोफत खुली होतात. आपल्या विद्यापीठांतल्या भौतिकशास्त्र विभागांनी एम.एस्सी.च्या प्रकल्पांसाठी ती उतरवून घ्यावीत. त्यासाठी ना दुर्बीण विकत घ्यावी लागते, ना चिलीचे तिकीट काढावे लागते.